जंगल नेमकं कशामुळे तुटतं? ब्राझीलच्या एका रस्त्याचा इतिहास



पर्यावरण, भूगोल किंवा वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करू पाहणाऱ्यांचे सिनॉप्सिस वाचले, तर पहिल्या पानावर एक वाक्य हमखास सापडतं : ‘आर्थिक विकासामुळे उष्णकटिबंधीय जंगलं झपाट्याने नष्ट होत आहेत.’ वाक्य खोटं नाही. पण मुलाखतीत समोरच्यांनी विचारलं, ‘विकासामुळे म्हणजे नेमकं कशामुळे?’, तर बरेच जण अडखळतात. रस्त्यामुळे? लोकसंख्येमुळे? गरिबीमुळे? की श्रीमंतीमुळे? आणि हे सगळंच कारण असेल, तर मग तुम्ही मोजणार काय?

आज या प्रश्नाचं उत्तर एका ठिकाणाच्या इतिहासातून शोधू या. ठिकाण आहे ब्राझीलचं रॉन्डोनिया राज्य, अ‍ॅमेझॉनच्या जंगलाची नैर्ऋत्य बाजू, बोलिव्हियाच्या सीमेला लागून. क्षेत्रफळ सुमारे २ लाख ३८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण तीन चतुर्थांश. हेच ठिकाण घेण्याचं कारण असं, की इथली जंगलतोड उपग्रह वर गेल्यानंतर घडली. पहिला लँडसॅट १९७२ साली अवकाशात गेला, आणि रॉन्डोनियातला मोठा रस्ता त्यानंतर डांबरी झाला. एखाद्या धोरणाचा परिणाम जमिनीवर उमटताना वर्षावर्षाला बघायला मिळणं दुर्मीळ असतं, इथे ते मिळतं.

आधी रबर : बाजार आला, जंगल उभंच राहिलं

इथे पैसा रस्त्याबरोबर आला असं समजू नका. तो त्याच्या खूप आधी आला होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सायकली आणि मोटारींच्या टायरसाठी जगभर रबराची मागणी वाढली आणि अ‍ॅमेझॉनचं खोरं थेट लंडन-न्यूयॉर्कच्या बाजाराला जोडलं गेलं. बोलिव्हियाचं रबर बाहेर काढता यावं म्हणून मडेरा-मामोरे हा ३६६ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९०७ ते १९१२ या काळात याच भागात बांधला गेला. मलेरिया आणि इतर रोगांनी त्यात हजारो मजूर मेले.

बाजार होता, निर्यात होती, रेल्वे होती. तरी जंगल मात्र जवळजवळ जसंच्या तसं राहिलं.

कारण सोपं आहे. रबराची झाडं जंगलात विखुरलेली असतात. एक मजूर शंभर-दीडशे झाडांना जोडणारी पायवाट धरून रोज चीक गोळा करायचा, आणि तेवढी झाडं मिळायला शेकडो हेक्टर जंगल लागायचं. म्हणजे कमाई उभ्या झाडातून होती. झाड पाडलं की कमाई बंद. याचा अर्थ तो काळ चांगला होता असा घेऊ नका. मजूर दुकानदार-मालकाच्या कर्जात जन्मभर अडकलेले असत आणि आदिवासींवर अत्याचार झाले. जंगल टिकणं आणि माणसाला न्याय मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्याच मोजाव्या लागतात.

पुढे आशियातल्या मळ्यांचं स्वस्त रबर बाजारात आलं आणि १९१० नंतर इथली भरभराट कोसळली. त्या मळ्यांचं बियाणं मुळात अ‍ॅमेझॉनचंच होतं. हेन्री विकहॅमने ते १८७६ साली इंग्लंडला नेलं होतं. रेल्वे नावापुरती उरली. रॉन्डोनिया पुन्हा नकाशाच्या कोपऱ्यात गेलं.

या टप्प्यातून पहिली नोंद करून ठेवा : बाजाराशी जोडलं जाणं एवढं एकच कारण जंगल तोडायला पुरत नाही. कमाई झाडातून होते की झाडाखालच्या जमिनीतून, हे आधी बघावं लागतं.

रस्ता : लोक कुठून आले?

१९६० साली राष्ट्राध्यक्ष कुबिचेक यांच्या काळात ब्राझिलिया ही नवी राजधानी उभी राहिली आणि देशाचा आतला भाग जोडायचे रस्ते सुरू झाले. कुयाबा शहरापासून रॉन्डोनियाच्या पोर्तो वेल्योपर्यंतचा कच्चा रस्ता त्यातलाच. पुढे तो बीआर-३६४ या नावाने ओळखला जाऊ लागला. पावसाळ्यात त्यावर ट्रक दिवसचे दिवस चिखलात रुतून बसायचे.

१९६४ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. लष्करी सरकारच्या दृष्टीने अ‍ॅमेझॉन म्हणजे रिकामा आणि त्यामुळे असुरक्षित प्रदेश. तिथे माणसं आणि गुंतवणूक नेणं हे राष्ट्रीय सुरक्षेचं काम ठरलं. १९६६ पासून अ‍ॅमेझॉनमध्ये गुंतवणूक करणाऱ्या कंपन्यांना आयकरात मोठी सवलत मिळू लागली आणि तो पैसा बराचसा गुरांच्या कुरणांत गेला. ‘रिकामा’ प्रदेश अर्थातच रिकामा नव्हता. या रस्त्याच्या आसपास राहणाऱ्या सुरुई लोकांचा सरकारी यंत्रणेशी पहिला अधिकृत संपर्क १९६९ साली आला, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत गोवरासारख्या साथींनी त्यांच्यातली कितीतरी माणसं दगावली.

१९७० च्या दशकात सरकारी वसाहत संस्थेने रॉन्डोनियात भूखंड वाटायला सुरुवात केली. एका कुटुंबाला साधारण १०० हेक्टर, म्हणजे सुमारे २५० एकर. आपल्याकडे दोन-तीन एकरांवर संसार चालवणाऱ्याला हा आकडा स्वप्नातलाच वाटेल. ब्राझीलच्या गरीब शेतकऱ्यालाही तसाच वाटला.

हे लोक आले कुठून? इथे बरेच विद्यार्थी ‘लोकसंख्यावाढ’ असं लिहून मोकळे होतात. पण त्यातले पुष्कळ जण दूर दक्षिणेकडच्या पाराना राज्यातून आले. तिथे कॉफीच्या मळ्यांवर हजारो कुटुंबं जगत होती. मग सरकारी कर्जाच्या आधाराने सोयाबीन आणि ट्रॅक्टर आले. जुलै १९७५ च्या भयंकर गोठवणाऱ्या थंडीने कॉफीची झाडं जळून गेली आणि उरलंसुरलं कामही आटपलं. सोयाबीनला माणसं फार लागत नाहीत. खंडकरी आणि मजूर रिकामे झाले, लहान शेतकऱ्यांनी जमिनी विकल्या, आणि सगळे उत्तरेकडच्या बसमध्ये बसले.

म्हणजे बघा, कुऱ्हाड रॉन्डोनियात पडत होती, पण तिला ढकलणारा हात पारानातल्या आधुनिक शेतीचा होता. अभ्यासक्षेत्राची सीमा रॉन्डोनियाच्या हद्दीवर संपवली असती, तर हे कारण तुमच्या डेटात कधीच आलं नसतं. दक्षिणेत जमिनीचं फेरवाटप करणं राजकीयदृष्ट्या अडचणीचं होतं. त्यापेक्षा जंगल वाटणं सोपं होतं.

डांबर : पोलोनोरोएस्ते

१९८१ साली पोलोनोरोएस्ते हा प्रकल्प सुरू झाला. जागतिक बँकेने त्यासाठी ४० कोटी डॉलरहून जास्त कर्ज दिलं. मुख्य काम म्हणजे कुयाबा ते पोर्तो वेल्यो हा रस्ता डांबरी करणं. सोबत वसाहती, आरोग्य, आदिवासी भूमीचं रक्षण, पर्यावरण हे सगळंही कागदावर होतं. १९८४ मध्ये रस्ता पूर्ण झाला. बाकीची कामं मागे पडली.

आता आकडे बघा. रॉन्डोनियाची लोकसंख्या १९७० साली सुमारे १ लाख ११ हजार होती. १९८० मध्ये ४ लाख ९१ हजार झाली आणि १९९१ मध्ये ११ लाखांच्या पुढे गेली. तोडलेलं जंगल १९७८ मध्ये ४ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं. १९८८ पर्यंत ते ३० हजारांच्या आसपास पोचलं.

उपग्रहाच्या चित्रात हे फार विचित्र दिसतं. मुख्य रस्त्याला काटकोनात, साधारण दर चार किलोमीटरवर एक उपरस्ता, आणि प्रत्येक उपरस्त्याच्या दोन्ही बाजूंना साफ केलेल्या पट्ट्या. माशाचा काटा असावा तशी आकृती. रिमोट सेन्सिंगच्या पुस्तकांत ही आकृती तुम्ही पाहिली असेलच. पण हा काटा आपोआप उगवला नाही. भूमापकाने कार्यालयात बसून आखलेल्या भूखंडांचा तो जमिनीवरचा ठसा आहे. अर्धा किलोमीटर रुंद, दोन किलोमीटर लांब भूखंड, जमिनीचा चढउतार, ओढे, मातीचा कस काहीही न बघता आखलेला.

आणि मातीच तर कच्ची होती. रॉन्डोनियातली थोडीच जमीन बारमाही पिकांना योग्य आहे. बाकीच्या जमिनीत जाळलेल्या जंगलाच्या राखेवर दोन-तीन वर्षं भात, मका होतो, मग कस उतरतो. कॉफी, कोको लावणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं पीक नीट आलं नाही. त्यात मलेरिया. १९८० च्या दशकात रॉन्डोनिया हा ब्राझीलमधल्या मलेरियाचा सर्वांत मोठा अड्डा बनला होता. कर्ज, ताप आणि उतरलेली जमीन अशा तिहेरी कात्रीत सापडलेला माणूस गवत पेरायचा, गुरं सोडायचा किंवा जमीन विकायचा आणि रस्त्याच्या पुढच्या टोकाला जाऊन नवीन जंगल साफ करायचा.

जगभरातून टीका झाल्यावर जागतिक बँकेने १९८५ मध्ये कर्जाचे हप्ते काही काळ थांबवले, आणि १९८७ मध्ये बँकेचे अध्यक्ष बार्बर कोनेबल यांनी हा प्रकल्प फसल्याचं जाहीर भाषणात मान्य केलं. पण रस्ता झाला होता. डांबर परत उकरता येत नाही.

गुरं : तोट्यातली कुरणं कशासाठी?

आता खरा कोड्याचा भाग. तोडलेल्या जमिनीचा सर्वांत मोठा हिस्सा कुरणांखाली गेला. पण त्या काळच्या कुरणांचा हिशोब मांडला, तर मांसविक्रीतून मिळणारा नफा अनेकदा नगण्य होता. हेक्टरी जेमतेम एखादं जनावर. मग लोक जंगल तोडून गवत का लावत होते?

कारण तिथे नुसतं बीफ पिकत नव्हतं, जमिनीची मालकी पिकत होती. जो जमीन ‘वापरात’ आणतो त्याचा तिच्यावर हक्क, असा कायद्याचा आणि रिवाजाचा कल होता. उभं जंगल म्हणजे न वापरलेली जमीन, आणि जंगल साफ केलं की ती ‘सुधारणा’. त्यामुळे जंगल राखणाऱ्याची जमीन दुसरा कुणी बळकावण्याची भीती, आणि तोडणाऱ्याचा ताबा पक्का. एकीकडे कायदा सांगत होता, भूखंडाचा अर्धा भाग जंगल ठेवा. दुसरीकडे मालकीचा नियम सांगत होता, साफ करा. कोणता नियम जिंकला असेल ते सांगायला नको.

त्यात भर महागाईची. १९८० च्या दशकाच्या शेवटी ब्राझीलमध्ये वार्षिक महागाई हजार टक्क्यांच्या पुढे गेली होती. नोटा हातात विरघळत होत्या. आपल्याकडे अशा वेळी लोक सोनं घेतात. तिथे अनेकांनी जमीन आणि गुरं घेतली.

‘गुरं’ या शब्दाला आपलाही एक धागा आहे. ब्राझीलच्या कुरणांवर चरणारी पांढरी, वशिंडाची नेलोर गुरं मूळची आंध्रच्या किनाऱ्यावरची, ओंगोल जातीची. नेल्लोर जिल्ह्यावरूनच त्यांना ते नाव पडलं. ऊन आणि गोचीड सोसणारी ही जात, आणि आफ्रिकेतून आणलेलं ब्रॅकिआरिया गवत, या जोडीने उष्ण प्रदेशातलं गुरांचं गणित बदललं. आज रॉन्डोनियात माणसं सोळा लाखांच्या आसपास आहेत आणि गुरं दीड कोटीहून जास्त.

आलेख : गरिबी की पैसा?

आता संशोधकाच्या खुर्चीत बसा. तुमच्यापुढे दोन हायपोथिसिस आहेत. एक : गरीब माणूस पोटासाठी जंगल तोडतो. दोन : हातात भांडवल असलेला माणूस फायद्यासाठी जंगल तोडतो. दोन्ही पटण्यासारखी आहेत. ती तपासायची कशी?

ब्राझीलची अवकाश संशोधन संस्था इन्पे १९८८ पासून दरवर्षी संपूर्ण ब्राझिलियन अ‍ॅमेझॉनमधली जंगलतोड मोजते. त्या मालिकेत दोन वर्षं खूप काही सांगतात. मार्च १९९० मध्ये कोलोर सरकारने महागाई रोखण्यासाठी लोकांची बँकेतली बचत गोठवली. अर्थव्यवस्था ठप्प झाली, हाल वाढले. पहिलं हायपोथिसिस खरं असतं, तर जंगलतोड वाढायला हवी होती. पण १९८८ मध्ये सुमारे २१ हजार चौरस किलोमीटर असलेली वार्षिक तोड १९९१ मध्ये सुमारे ११ हजारांवर आली. पुढे १९९४ मध्ये नवीन चलन आलं, अर्थव्यवस्था स्थिरावली, पैसा खेळू लागला, आणि १९९५ मध्ये तोड २९ हजारांच्या पुढे उडाली. मनौस इथल्या अ‍ॅमेझॉन संशोधन संस्थेतले परिसंस्था-अभ्यासक फिलिप फर्नसाइड यांनी याच चढउताराकडे बोट दाखवून म्हटलं, की तोडीचा मोठा भाग गरिबांच्या पोटाशी नव्हे, मोठ्या-मध्यम जमीनदारांच्या भांडवलाशी बांधलेला आहे.

याने लहान शेतकरी निर्दोष ठरत नाही. रॉन्डोनियात त्याचा वाटा खरोखर मोठा होता. पण ‘गरिबी हेच मूळ’ हे सरसकट विधान मात्र या आलेखापुढे टिकत नाही.

घसरण : विकास चालू, तोड कमी

२००४ मध्ये तोड पुन्हा वाढून सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर झाली. १९९९ मधल्या चलनाच्या अवमूल्यनामुळे ब्राझीलचं बीफ आणि सोयाबीन परदेशात स्वस्त पडत होतं. इथपर्यंतची गोष्ट ऐकून कुणीही म्हणेल, विकास वाढणार तर जंगल जाणारच.

आणि मग २०१२ मध्ये हाच आकडा सुमारे ४,६०० वर आला. आठ वर्षांत ८० टक्क्यांहून जास्त घट. याच काळात देशाचं सोयाबीन उत्पादन वाढत गेलं.

काय बदललं? २००४ मध्ये सरकारने जंगलतोड रोखण्याचा एकत्रित कार्यक्रम आखला. उपग्रहावरून जवळजवळ तत्काळ इशारे मिळू लागले आणि निरीक्षक थेट जागेवर पोचू लागले. मोठी संरक्षित क्षेत्रं जाहीर झाली. २००६ मध्ये सोयाबीनच्या मोठ्या व्यापाऱ्यांनी नव्याने तोडलेल्या जमिनीवरचं सोयाबीन न घेण्याचं ठरवलं. २००८ पासून कायदा न पाळणाऱ्या शेतमालकांना सरकारी दराचं कर्ज मिळणं अवघड झालं. थोडक्यात, तोडलेल्या जमिनीची किंमत वाढवणारे जे स्क्रू होते, त्यातले काही उलटे फिरवले गेले.

इथे लगेच टाळ्या वाजवू नका, कारण परीक्षक वाजवणार नाहीत. २००५ च्या सुमारास सोयाबीनचे भावही पडले होते. मग घट धोरणामुळे झाली की भावामुळे? यावर अभ्यासकांत वाद आहे, पण भाव पुन्हा चढल्यावरही तोड खालीच राहिली, हा धोरणाच्या बाजूचा भक्कम पुरावा मानला जातो. दुसरा आक्षेप : काही दबाव शेजारच्या सेराडो या गवताळ-झाडीच्या प्रदेशाकडे सरकला. आणि तिसरी गोष्ट, घट कायमची नव्हती. अंमलबजावणी ढिली पडली तशी तोड पुन्हा चढली आणि २०२१ मध्ये १३ हजारांच्या आसपास गेली. जे आकडे धोरणाने खाली येतात, ते धोरण सुटलं की वरही जातात.

आज रॉन्डोनियाचं उपग्रह चित्र उघडलंत, तर तपकिरी पसाऱ्यात काही सरळ कडांचे हिरवे तुकडे दिसतील. त्यातले मोठे तुकडे आदिवासींच्या भूमी आहेत, सुरुई आणि उरू-एउ-वाउ-वाउ यांच्या. पाऊस सारखाच, बाजार तोच, रस्ताही तोच. हद्दीच्या आत-बाहेर फरक आहे तो जमिनीवर हक्क कुणाचा आणि कशासाठी, याचा. तिथेही घुसखोरी सुरू आहे, हे विसरू नका.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

आता पहिल्या वाक्याकडे परत जा. ‘विकास’ हा व्हेरिएबल म्हणून वापरू नका, त्याचे तुकडे करा. गाइस्ट आणि लॅम्बिन यांनी २००२ मध्ये उष्णकटिबंधीय जंगलतोडीच्या १५२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यांनी समोरची कारणं (शेती, लाकूडतोड, रस्ते) आणि त्यामागची कारणं (बाजार, धोरण, संस्था, तंत्रज्ञान) वेगळी केली, आणि एकच एक कारण बहुतेक ठिकाणी पुरत नाही, असं दाखवलं. हा पेपर जरूर वाचा. तुमच्या ठिकाणासाठी तरी हे चार प्रश्न स्वतःला विचारा :

१. कमाई उभ्या झाडातून आहे की मोकळ्या जमिनीतून? अ‍ॅमेझॉनमध्ये ज्या रबरासाठी जंगल उभं राहिलं, त्याच झाडाची लागवड करायला आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग परिसरात खासगी जंगल साफ झालं. माल तोच, उत्पादनाची पद्धत वेगळी, परिणाम उलटा.

२. तोडणारा माणूस कुठून आला, आणि तिथून त्याला कुणी हलवलं? अभ्यासक्षेत्राची सीमा त्यानुसार ठरवा.

३. मालकीचा नियम काय सांगतो? कायदा वाचाच, पण तलाठी कार्यालयात तो कसा चालतो तेही बघा.

४. रस्ता कारण आहे की परिणाम? जिथे तोड होणारच होती तिथेच रस्ता नेला असेल, तर नुसतं कोरिलेशन काढून काहीच सिद्ध होत नाही. तारखा लावा : आधी सर्व्हे, आधी रस्ता, की आधी कुंपण?

हे प्रश्न विचारले की काम वाढतं, हे खरं. उपग्रहाचा डेटा दोन दिवसांत डाउनलोड होतो, जमिनीचे जुने कागद शोधायला दोन महिने जातात. पण ‘विकासामुळे जंगल जातं’ एवढंच म्हणून थांबलं, तर पुढचं वाक्य आपोआप येतं : ‘मग काय करणार, विकास तर हवाच.’ करसवलत कुणी दिली, भूखंड कुणी आखले, कर्ज कुणी मंजूर केलं, हे कुणी विचारतच नाही. रॉन्डोनियात त्या प्रत्येक गोष्टीवर तारीख आहे आणि सही आहे. तुमच्या तालुक्यातही असेल. कागद मागायला सुरुवात करा.